कोठीतली सोबत

१

हे मी कुणाला सांगू नये असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझा भाऊ केयूर म्हणतो, त्याची बायको श्वेता म्हणते, आणि बाबा तर काही न बोलता तेच म्हणतात. घरातलं घरात राहू दे. इतकी वर्षं घरातलं घरातच राहिलं आणि त्याचं काय झालं ते मी बघून आलेय. तेव्हा मी सांगणार.

मी डबिंग करते. गोरेगाव पूर्वेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. खाली झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करतात, शेजारी गाउनचं गोदाम आहे. मी लहान मुलांचे आवाज काढते. चाळिशी उलटली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण माइकसमोर उभी राहिले की मी पाच-सहा वर्षांची होते. सशाची पिल्लं, बिस्किटाच्या जाहिरातीतली हट्टी पोरं, सगळं चालतं. पण लोकांना हवी असते ती चिमखडी. एका कार्टून मालिकेतलं खारीचं पिल्लू. थोडा घोगरा आवाज, आणि बोलण्याआधी श्वास आत ओढून क्षणभर थांबायचं, जणू आधी कानोसा घ्यायचा आणि मगच बोलायचं. लग्नात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेतसुद्धा लोक म्हणतात, "मानसीताई, एकदा चिमखडी काढा ना." मी काढते. पोरं खूश होतात.

हा आवाज कुठून आणलास असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "असाच आला."

त्या दिवशी सकाळी नेहमीसारखं काम चालू होतं. अंधारी खोली, समोर काच, काचेपलीकडे आमचा साउंड इंजिनिअर सिद्धेश. मी एक वाक्य म्हटलं, पाणी प्यायले, पुढच्या वाक्याच्या क्यूची, म्हणजे बोलायच्या इशाऱ्याची, वाट बघत उभी राहिले. हेडफोनमध्ये सिद्धेशचा आवाज आला.

"ताई, क्यूच्या आधी काही बोललात?"

"नाही रे."

"जरा बाहेर येता?"

स्क्रीनवर माझ्या आवाजाचा हिरवा डोंगर होता. त्याच्या थोडा आधी एक बारीकसा उंचवटा. सिद्धेशने तेवढाच तुकडा वाजवला. श्वास आत ओढल्याचा आवाज, आणि मग एकच अक्षर. "ए."

चिमखडीचा आवाज.

"माझाच आहे की," मी म्हणाले. "घसा साफ करताना निघाला असेल."

"मी काचेतून बघत होतो ताई. तुम्ही पाणी पीत होतात."

"मग बाटलीत बोलले असेन."

तो हसला, मीही हसले. त्याने तुकडा कापला आणि आम्ही पुढे गेलो. माइक जुना होता, केबल सैल होती, दिवसभर हेडफोन लावून कान शिणतात. कारणं काय, ढीगभर मिळतात.

२

रविवारी मी केयूरकडे जेवायला गेले. तो मुलुंड पश्चिमेला नव्या टॉवरमध्ये राहतो. आई गेल्यापासून बाबाही त्याच्याकडेच असतात. श्वेताने वालाचं बिरडं केलं होतं. माझी भाची गार्गी, वय वर्षं चार, टेबलाखाली बसून माझ्या पायाच्या बोटांना नावं देत होती.

"पाळणाघर बंद होतंय गं," श्वेता म्हणाली. "आणि माझं पवईचं ऑफिस आता रोज या म्हणतंय. नशीब, जयंतीआत्या तयार झाल्या. शाळा सुटली की गार्गी संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे."

"नाही," मी म्हणाले.

म्हणजे मी ते म्हणाले हे मला ऐकू आल्यावर कळलं. शब्द चिमखडीच्या आवाजात निघाला होता. टेबलाखालून गार्गी खिदळली. बाबांनी पाण्याचा पेला इतक्या जोरात ठेवला की पाणी ताटात सांडलं.

"जेवताना तो आवाज नको," ते म्हणाले.

केयूरने हातातला घास ताटात ठेवला. "नाही म्हणजे काय, ताई?"

"आत्याकडे नको. दुसरं काहीतरी बघू. मी शेड्यूल बदलते, मी येते."

"तू गोरेगावहून रोज येणार? काहीही काय? आत्याने अर्ध्या खानदानाची पोरं सांभाळलीत. मी पोटात असताना आईला बेडरेस्ट होती, तेव्हा तू आत्याकडेच होतीस ना? काय वाट लागली तुझी?"

त्या दिवसांचं मला काहीच आठवत नाही. मी आत्याकडे गेले एवढं आठवतं आणि घरी आले तेव्हा पाळण्यात केयूर होता हे आठवतं. मधलं कोरं. आई म्हणायची, आत्याकडून आल्यावर तू कितीतरी दिवस बोललीच नाहीस, आणि बोललीस तेव्हा आवाज बदललेला होता, सर्दी झाली असेल. घरात हा किस्सा कौतुकाने सांगितला जायचा. डबिंगवालीचा आवाज लहानपणीच बसला होता म्हणे.

"कारण सांग की," केयूर म्हणाला.

"कारण नाहीये. तरी नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"माझ्याकडे एवढंच आहे," मी म्हणाले, आणि बाबांकडे पाहिलं. ते बिरड्यातला एकेक वाल बाजूला काढत होते. त्यांना बिरडं अतिशय आवडतं.

३

कारण नसेल तर शोधावं म्हणून मी आत्याकडे गेले. भर दुपारी.

आत्याचं घर म्हणजे माझ्या आजोबांचं, नानांचं घर. मुलुंड पूर्वेला जुनी तीन मजली बिल्डिंग, दुसरा मजला. आत्याने लग्न केलं नाही. शाळेत शिवण शिकवलं, आणि आजोबा-आजी गेल्यावर एकटीच इथे राहिली. ऐंशीला आलीय. हात थरथरतात. चहा देताना बशीत अर्धा सांडला, मी कप हातातून घेतला तर ओशाळून म्हणाली, "मेलं ब्लाउजचं हूकसुद्धा लागत नाही आता. शेजारची येऊन लावून देते."

तिच्याकडे बघून माझीच मला लाज वाटली. पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा, कानात मोत्याच्या कुड्या, अंगाला लवेंडर पावडरचा वास. ही बाई कुणाला काय करणार?

"गार्गी येणार म्हणून सगळी तयारी केलीय," ती म्हणाली. "बघ ना."

तिने दाखवलं. बाहेरच्या खोलीत रंगीत खडू, चित्रांची पुस्तकं, बिस्किटांचा डबा. आतल्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर. स्वयंपाकघरात जाताना मध्ये उजव्या हाताला एक बुटकं दार आहे. कोठीची खोली. तीन माणसं नीट उभी राहणार नाहीत एवढी. आजीच्या काळापासून तिथे गव्हाची पत्र्याची कोठी, डबे आणि फळ्यांवर अडगळ. खिडकी नाही, दिव्याचं बटण बाहेर.

मी त्या दारासमोर थांबले, कारण काहीतरी चुकलं होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. त्या घरातली प्रत्येक कडी रंगाच्या थरांखाली गेलेली होती. बाथरूमची कडी लावायला दार उचलावं लागायचं. बाल्कनीची तर लागतच नव्हती. या एकाच दाराची कडी चकचकीत होती. मी बोट लावलं. शिलाई मशीनचं तेल. बोटाच्या धक्क्याने, आवाज न करता, ती सरकली.

मी दार उघडलं. गहू, रॉकेल आणि डांबरगोळ्यांचा वास आला. खाली फरशीवर एक चटई अंथरलेली होती. तिच्यावर दोन छोट्या उशा, अभ्रे नवे शिवलेले.

"इथे कशाला चटई?"

"लपाछपी खेळायला आवडतं मुलांना."

"दोन उशा?"

"असू देत गं."

तिने पुढे होऊन दार लावलं. बाकी काही धरताना थरथरणारे तिचे हात कडी लावताना अजिबात हलले नाहीत.

मी काय केलं ते सांगते. मी मुद्दाम, तिच्या तोंडाकडे बघत, चिमखडीचा आवाज काढला. "आत्या, मी आले."

तिचा चेहरा पडला असं म्हणणार नाही. तो बंद झाला. "इथे तो आवाज काढू नकोस," ती हळू म्हणाली. "आत्ताच कुठे निजलीय."

"कोण?"

"शेजारची," आत्या म्हणाली. "दुपारची झोपते ती. पातळ आहेत भिंती."

४

घरी येऊन मी स्वतःची नीट समजूत घातली. म्हातारी बाई, एकटी राहते, थोडं विसरते, थोडं बरळते. कड्यांना तेल घालणं गुन्हा नाही. लहानपणी मला कधी रागावून कोठीत घातलं असेल, तेव्हा सगळेच घालायचे, आणि ती भीती आता माझ्या कामात शिरतेय. हे सगळं बरोबर होतं. फक्त रोज स्टुडिओत गेल्यावर क्यूच्या आधी काहीतरी येत होतं.

सिद्धेश भुताखेतांतला मुलगा नाही. त्याने माइक बदलला, केबल बदलली, मग आम्हाला दुसऱ्या खोलीत हलवलं. शेवटी एका दुपारी म्हणाला, "ताई, मी ते सगळे कापलेले तुकडे एकामागे एक लावलेत. ऐकायचंय का? नको असेल तर डिलीट मारतो."

"लाव."

हेडफोनमध्ये आधी नुसती खोली ऐकू आली. पण ती आमची खोली नव्हती. आमच्या भिंतींना फोम आहे, तिथे आवाज मरतो. ही खोली छोटी होती, कडक होती, पत्र्याचा बारीक नाद होता तिच्यात. मग श्वास आत गेला.

"ए."

"ए, तू."

"तुला कधी सोडणारेत?"

मध्ये बराच वेळ नुसता पत्र्याचा नाद. मग,

"मला नाही सोडत."

मी हेडफोन काढले नाहीत. मला पाठीला पत्रा लागत होता. थंड. मी अंधारात गव्हाच्या कोठीला टेकून बसले होते, रडत होते, आणि माझ्या कानाशी कुणीतरी श्वास आत ओढून थांबलं आणि म्हणालं, रडू नको, रडलं की ती जास्त वेळ ठेवते. मी विचारलं, तू कोण? एक छोटा गार हात माझ्या केसांत आला आणि वेणी घालायला लागला.

मी असे आवाज काढून पोट भरते. घोगरा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे. तो सर्दीने वेगळा होतो, जन्मजात असला तर वेगळा असतो. आणि असा, कडांना फाटलेला, तो ओरडून ओरडून होतो.

तो आवाज माझा नव्हताच. मी तो तिच्याकडून शिकले होते.

मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, आत्या मला कोठीत कोंडायची?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"जुन्या गोष्टी कशाला उकरतेस?"

"कोंडायची का?"

"आता ती तसं काही करत नाही," बाबा म्हणाले.

आता. तो शब्द मी अजून विसरले नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. तेव्हाही आणि परवा बिरड्यातले वाल निवडतानाही.

"आत माझ्याबरोबर कोण असायचं, बाबा?"

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"कोणी नाही," ते शेवटी म्हणाले. "तू एकटीच होतीस." आणि मग, वेगळ्याच, बारीक आवाजात, "का? काही बोलली का ती?"

मी फोन ठेवून श्वेताला लावला. ती मीटिंगमध्ये होती, कुजबुजत म्हणाली, "ताई, नंतर बोलू? आजपासूनच पाठवलं गार्गीला, पाळणाघराने आधीच हात वर केले. मघाशी आत्यांशी बोलले. मस्त खेळतेय म्हणाल्या. आवाजसुद्धा नाही तिचा."

५

रिक्षात मी ड्रायव्हरशी भांडले, सिग्नलशी भांडले, पवईच्या पुलाखालच्या ट्रॅफिकशी भांडले. केयूरला मेसेज टाकला, आत्याकडे ये, बाबांना घेऊन ये, आत्ता. वर कडक ऊन होतं, तलावाचं पाणी चमकत होतं. इतक्या उजेडात काही वाईट घडू शकतं यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

आत्याने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "गार्गी निजलीय."

मी तिला ओलांडून आत गेले. पलंगावर चादरीला सुरकुतीही नव्हती. खडू पेटीतच होते. कोठीची कडी लावलेली होती.

मी दाराला कान लावला नाही. गरज नव्हती. आत दोघी बोलत होत्या. गार्गी काहीतरी सांगत होती, शाळेतलं, कोण कोणाशी कट्टी आहे ते. आणि ती थांबली की दुसरी विचारत होती. आधी श्वास. मग प्रश्न.

मी कडी काढली.

गार्गी चटईवर, गव्हाच्या कोठीला टेकून बसली होती. रडलेली नव्हती. उजेडाने डोळे मिचकावत म्हणाली, "आत्तू, हळू ना. ती घाबरते."

मी तिला उचललं. ती अंगाने गार पडली होती. सकाळी श्वेताने शाळेतला फोटो ग्रुपवर टाकला होता, त्यात गार्गीचे केस मोकळे होते, हेअरबँड लावलेला. आता दोन वेण्या होत्या. घट्ट, सरळ, टोकांना दोरा गुंडाळलेला. मी वळून आत्याकडे पाहिलं. तिचे हात पदराशी थरथरत होते. त्या हातांनी हूक लागत नव्हतं.

"थोडाच वेळ गं," आत्या म्हणाली. "संध्याकाळी काढणारच होते. चार घास भरवून घरी पाठवलं असतं."

"का, आत्या?"

"तिला सोबत लागते ना." इतकं साधं म्हणाली ती, जणू कुंडीला पाणी लागतं असं सांगावं. "कुणी नसलं की ती दार वाजवत बसते. मला सहन होत नाही ते. घटकाभर कुणी आत बसलं की कितीतरी दिवस गप्प राहते. तू बसलीस तेव्हा तर वर्षभर शांत होती. किती गुणी होतीस तू."

"कोण आहे ती?"

आत्याने मान हलवली. आमच्या घरात हे असंच हलवतात, हा विषय नको अशी.

इतकी वर्षं मी त्या हललेल्या मानेसमोर गप्प बसत आले होते. मला वाटायचं, हा मोठ्यांचा मान. त्या दुपारी मला ती हालचाल कडीसारखी दिसली. मी गार्गीला बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसवलं, बिस्किटांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, आणि आत्याच्या शिलाई मशीनचा खण उघडला.

६

मोठा स्क्रू-ड्रायव्हर खणात होता. बत्ता स्वयंपाकघरात ओट्यावर. जुन्या दारांच्या बिजागऱ्यांत एक लांब खिळा असतो, तो खालून ठोकून वर काढला की दार सुटतं. मी कधी काढलं नव्हतं. पण ठोकायला काय लागतं? दार लोटून घेतलं आणि सुरुवात केली.

पहिल्या घावाला आत्या ओरडली. "मानसी! काय करतेस?"

"दार काढतेय."

"कडी लावत नाही मी परत. शप्पथ. दार राहू दे."

"नाही."

ती माझ्या हाताला लोंबकळली. मी तिला बाजूला केलं, जोरात नाही, पण केलं. खालची बिजागरी गंजलेली होती. ठोकता ठोकता बोटावर बत्ता बसला, रक्त आलं, मी ते ड्रेसला पुसलं. आणि एक सांगते, पटो न पटो. मी बाहेरून ठोकत होते, आणि प्रत्येक घावानंतर आतून, खाली, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक थाप येत होती. घाव, थाप. घाव, थाप. माझं डोकं म्हणत होतं, प्रतिध्वनी. डब्यांचा पत्रा थरथरतोय. डोक्याला मी म्हटलं, तू बोलत राहा, मी ठोकते.

केयूर आला तेव्हा खालची सुटली होती. त्याच्यामागे बाबा, जिना चढून धापा टाकत.

"ताई! वेड लागलंय का तुला? आत्या रडतेय, तू घर तोडतेयस?"

"तुझी मुलगी आत होती. बाहेरून कडी लावून. विचार तिला."

केयूर थबकला. सोफ्यावरून गार्गी म्हणाली, "बाबा, मी रडले नाही. रडलं की जास्त वेळ ठेवतात."

मी माझ्या भावाला लहानाचा मोठा होताना पाहिलंय. तसा चेहरा त्याचा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्याने चार पावलांत येऊन दाराची वरची कड धरली. "ठोक," तो म्हणाला.

"विदू, सांग ना रे त्यांना!" आत्या बाबांचा शर्ट धरून म्हणाली. "दार काढलं तर ती घरभर फिरेल!"

बाबा भिंतीला टेकले होते. "जयूताई, पुरे," ते म्हणाले. पण ते नुसतं तोंडातल्या तोंडात.

"तिचं नाव सांगा, बाबा," मी म्हणाले.

"मानसी, शेजारीपाजारी..."

"नाव सांगा. मोठ्याने."

मी बत्ता उचललेलाच होता. आतली थाप थांबली होती. घरात काही वाजत नव्हतं, खालून भंगारवाल्याची हाकसुद्धा येत नव्हती. आणि त्या शांततेत दाराआड कुणीतरी श्वास आत ओढला आणि थांबलं.

बाबांनी ऐकलं. केयूरनेही ऐकलं. तो आता नाही म्हणतो, पण त्याने माझ्याकडे पाहिलं होतं.

"रुकू," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "रुक्मिणी. माझ्यापेक्षा मोठी. जयूताईपेक्षा लहान. मी अगदीच छोटा होतो गं. मला सांगितलं, ती हरवली. पण मला ऐकू यायची ती. नंतरही यायची. मी सांगितलं की आई माझ्या तोंडावर हात ठेवायची."

आत्या हळूहळू खाली बसली. दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत, कुणा लहान मुलीने बोलावं तशी बोलली.

"नानांनी सांगितलं, कडी लाव आणि शाळेत जा. मला नुसती कडी लावायला सांगितली होती."

मी शेवटचा घाव घातला.

खिळा उडून बेसिनमध्ये पडला आणि दार केयूरच्या अंगावर आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन त्या खोलीत पडलं, बहुधा पहिल्यांदाच, थेट मागच्या भिंतीपर्यंत. फळ्या, डबे, चटई, दोन उशा. भिंतीचा चुना खाली हातभर उंचीवर काळा पडलेला, हात घासून घासून पडावा तसा. आणि सगळ्यात खालच्या फळीखाली, उन्हाच्या कडेला, दोन तळवे. लहान. पांढरे पडलेले. ऊन त्यांच्यावर आलं तसे ते घाईने आत ओढले गेले.

फडकं असेल. उशीचा अभ्रा असेल. नंतर मी फळीखाली हात घालून पाहिलं, तिथे फक्त धूळ होती आणि पुष्कळसे दोऱ्याचे तुकडे. मला जे दिसलं ते दिसलं.

"आता ती बाहेर येणार," आत्या म्हणाली.

"येऊ दे," मी म्हणाले. "तिचंही घर आहे हे."

७

गार्गीला श्वेता येऊन घेऊन गेली. ती माझ्याशी धड बोलली नाही, मग जिन्यातून परत वर आली आणि मला घट्ट मिठी मारून गेली. आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. बाबा तिच्या उशाशी बसले. दोघं बहीणभाऊ काय बोलले ते मला माहीत नाही, आणि मी त्यांची कीवही केली नाही. ती पुढे कधीतरी करेन.

दार घरात ठेवायचं नाही हे मी ठरवलं होतं. केयूरने एक बाजू धरली, मी दुसरी. सागवानी होतं, जड. जिन्यात वळताना ते कठड्यावर आपटत होतं. पहिल्या मजल्यावर श्यामसुंदरकाका दारात उभे होते. आत्याच्याच वयाचे, बिल्डिंग नवी होती तेव्हापासून इथेच राहणारे. आवाज ऐकून बाहेर आले असणार.

"कोठीचं ना हे?" त्यांनी विचारलं.

"हो काका," केयूर घाईने म्हणाला. "वाळवी लागली होती."

"नाही," मी म्हणाले. दार जिन्यातच टेकवलं. "वाळवी नाही. आत रुकू होती."

केयूरने डोळे मिटून घेतले. श्यामसुंदरकाका काही क्षण आमच्याकडे नाही, वर, आमच्या उघड्या दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी चौकट धरली.

"आम्ही सगळी पोरं स्टेशनपर्यंत हाका मारत गेलो होतो तिला," ते म्हणाले. "तुझ्या आजोबांनी सांगितलं, जत्रेत हात सुटला. किती दिवस शोधली आम्ही." ते उंबरा ओलांडून जिन्यात आले. "सापडली?"

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. खालीही कुणीतरी टीव्ही बारीक केला. केयूर माझं मनगट दाबत होता.

"हो काका, सापडली," मी म्हणाले, माझ्या स्वतःच्या आवाजात, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "घरातच होती."